बसवायचं की झोपवायचं

अक्का, रविवारी प्रयोग आहे. हे तुला पक्कं माहीत होतं, आणि तरी तू गेलीस.

लोक भेटतात, म्हणतात, चांगलं मरण आलं, कुणाला त्रास दिला नाही. मला दिलास की! संध्याकाळची तालीम होती. सात रस्त्यावरच्या माझ्या नाचाच्या क्लासात मी सगळ्यांना बूट चढवून उभं केलं होतं आणि तू फोन उचलत नाहीस म्हणून मनातल्या मनात तुला लाखोली वाहत होते. तू दुपारी दुकानातून वर जेवायला गेलीस, जेवून जरा आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. शेजारच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी काय बोलले माहीत आहे? "असं कसं? आज शेवटच्या प्रवेशाची तालीम आहे." तो बिचारा तेच पुन्हा सांगायला लागला.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. घरी गेले की क्लासात जावंसं वाटतं, क्लासात आले की खाली उतरून चालत सुटावंसं वाटतं. चालताना पाय आपोआप नाचातला बारा ठोक्यांचा फेरा मोजतात आणि मध्येच चुकतात. माझे पाय चुकतात, अक्का. हे ऐकून तू खूश झाली असतीस.

ते नाटक घेऊन मी पहिल्यांदा तुझ्या दुकानात आले तो दिवस आठवतो. भवानी पेठेतलं टॉवेल-चादरींचं दुकान, तू गादीवर मांडी घालून बसलेली, आणि समोरचं गिऱ्हाईक चादरीचा रंग जाईल का म्हणून हुज्जत घालतंय. मी पुण्याला फ्लामेंको, तो स्पेनचा टाचा आपटत करायचा नाच, शिकून आलेली, डोक्यात वारं भरलेलं. लहानपणी तुझी स्पर्धेतली नाटकं मी बघितली होती, त्यामुळे आई म्हणून दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नव्हतं. मी घाईघाईने सांगून टाकलं की एक जुनी स्पॅनिश शोकांतिका आहे, तिचं नाचातून नाटक करायचंय. लग्नाचं घर, दोन घराण्यांचं वैर, दोन तरुण एकमेकांना सुऱ्याने संपवतात आणि शेवटी एकाची आई उरते. शब्द जवळजवळ नाहीत. गिटार, टाळ्या आणि पाय. आई तू करायचीस.

"संवाद न्हाईत?" तू म्हणालीस. "मग मी काय करू गं, वंदे? माझं सगळं तोंडात हाय की."

गिऱ्हाईकसुद्धा हसलं. मग मी तुला पटवायला म्हटलं की बघ ना, किती आपल्याच मातीतलं वाटतं. मला वाटलं, तू मान डोलावशील. तू चादरीची घडी घालत म्हणालीस, "न्हाय. आपल्याकडं असं झालं तर आई भाईर येऊन नाचत न्हाय. आतल्या खोलीत बसती, आणि चार बायका तिला धरून बसत्यात. हे त्यांचं हाय. त्यांचं म्हणून करू या, लई आपलं आपलं करू नको." तिथेच मला कळलं होतं की ही बाई मला सुखाने जगू देणार नाही.

आणि नाहीच दिलंस. साठी उलटलेली तू, गुडघे दुखणारे, रोज क्लासाच्या दोन जिन्यांना शिव्या देत वर यायचीस. टाळ्या शिकलीस. एक बोटांची, कोरडी, टणक; एक तळव्याची, पोकळ, घुमणारी. मी त्यांची स्पॅनिश नावं सांगितली, तू ती ऐकून घेतलीस आणि दुसऱ्या दिवसापासून सुकी टाळी आणि ओली टाळी म्हणायला लागलीस. आता सगळा क्लास तेच म्हणतो. खालचा चष्म्याचा दुकानदार वर यायचा, "मॅडम, माझ्या काचा हलायल्यात," म्हणायचा, आणि तू त्याला बसवून चहा पाजून परत पाठवायचीस. पुण्याचा एक पाहुणा तालीम बघायला आला होता. त्याने मोठ्या कौतुकाने विचारलं की हा ठेका सोलापूरच्या यंत्रमागांवरून सुचला का? "मागाच्या आवाजानं माणूस बहिरं होतंय," तू म्हणालीस, "नाचायला लागत न्हाय." त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

आणि बुटांचं ते रामायण! टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले बूट मी सगळ्यांसाठी करवून घेतले. तुझे आल्यावर तू ते मांडीवर घेऊन बसलीस, पण घालेनास. नारळ फोडून, हात टेकवून ज्या फळीवर आजवर अनवाणी चढलीस तिच्यावर पायताण घालून उभी राहणार नाही, म्हणालीस. मी म्हटलं, अक्का, अनवाणी पायाने तो आवाज येत नाही. "मग आवाज न्हाई आला तरी चालंल." "मग फ्लामेंको कशाला करायचा?" चांगला आठवडाभर आपण त्यावर वाद घातला. मग एका संध्याकाळी तू पिशवीतून विभूतीची डबी काढलीस, दोन्ही बुटांवर तीन तीन पट्टे ओढलेस आणि म्हणालीस, "हं. आता हे पायच झाले." घातलेस. पहिलीच टाच अशी मारलीस की खालचा चष्मेवाला न बोलावता वर आला.

म्हणजे तुला स्वतःची समजूत घालता यायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण शेवटच्या प्रवेशाच्या वेळी तू ती घातली नाहीस, आणि मी तेव्हा म्हणत राहिले की तू हट्टी आहेस.

शेवटचा प्रवेश मी डोळ्यांसमोर कधीचा पक्का केला होता. दोघे तरुण मरून पडलेत. क्लासातला इम्रान डावीकडे, व्यंकटेश उजवीकडे. आई येते, दोघांच्या मधून चालत जाते. आधी एकेक टाच, मग पाय वेग घेतात, मग ती दोघांभोवती फिरत फिरत जमीन अशी हाणते की वाटावं, फळी फुटेल. नाटकात इम्रान तुझा मुलगा. तो आडवा पडला आणि तू विंगेतच थांबलीस.

"हे असं न्हाय," तू म्हणालीस. "ह्याला बसवा."

मला वाटलं, जरा दम खायला वेळ मागतेस. तू पुढे आलीस, इम्रानला उठवलंस, पाठीमागे खोका ठेवलास, मांडी घालायला लावलीस. "आमच्यात मेलेलं माणूस बसवत्यात," तू सांगितलंस. "भिंतीला टेकवून, मांडी घालून. बसूनच नेत्यात, बसूनच मातीत ठेवत्यात." मला हे ऐकून माहीत होतं, सोलापुरात कुणाला माहीत नसतं? पण म्हणून स्पेनमधल्या गावातला मुलगा लिंगायतासारखा बसेल? मी तुझंच वाक्य तुझ्यावर उलटवलं. म्हटलं, हे त्यांचं आहे, लई आपलं आपलं करू नको.

तू चिडशील असं वाटलं होतं. तू शांतपणे बोललीस, म्हणून ते जास्त लागलं. "निजलेलं माणूस बघितलं की उठंल असं वाटत ऱ्हातंय, वंदे. ते खोटं हाय. बसलेलं माणूस हालंना झालं, की मग खरं कळतंय."

मी म्हटलं, प्रेक्षकांना उलटं वाटेल. बसलेला माणूस त्यांना जिवंत दिसेल. तू म्हणालीस, करून बघू. मग आपण क्लासातल्या मुलींच्या आईबापांना बोलावून एक कच्चा प्रयोग केला. इम्रान बसला. गिटार सुरू झाली, तू विंगेतून आलीस, पहिली टाच पडली, आणि इम्रानची मान हळूहळू खाली यायला लागली. त्याने दचकून ती वर केली. पुन्हा खाली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. तू तशीच नाच संपवून आत गेलीस. मी तुझ्या मागोमाग आत येऊन म्हटलं, बघ. एवढंच म्हटलं. तू बुटांचे बंद सोडत होतीस, वर बघितलं नाहीस.

त्यानंतर तू तालमीला यायचीस, इम्रान आडवा पडायचा, आणि तू त्याच्याभोवती नाचायचीस, पण त्याच्याकडे बघायचीच नाहीस. मी ओरडायचे, "अक्का, मुलगा मेलाय तुझा, बघ त्याच्याकडे!" तू भिंतीकडे बघायचीस. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तू गेलीस त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. "आज मी बसवूनच करणार. तू काय म्हणायचं ते म्हण." मी म्हटलं, संध्याकाळी बघू. आपल्या दोघींमधलं शेवटचं बोलणं हे.

संध्याकाळी मी तुझ्या घरी आले. जिना चढताना डोकं अजून भांडतच होतं. दारातून आत बघितलं आणि तू समोर बसलेली.

आमच्या मोहोळकडच्या घरात मेलेलं माणूस जमिनीवर आडवं असतं. आपण उभं राहून वरून बघतो, पाया पडतो, डोळे पुसत बाजूला होतो. तुझ्या घरी तसं करायला जागाच नव्हती. भिंतीला पाट, पाटावर तू, मांडी घातलेली, डाव्या तळव्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, गळ्यात हार. पाठीमागून कापडी पट्ट्याने तुला खुंटीला धरून ठेवलेलं. येणारा प्रत्येक माणूस तुझ्यासमोर येऊन खाली बसत होता, कारण उभं राहून बघवतच नव्हतं. मीही बसले. तुझं तोंड माझ्या तोंडासमोर, हाताच्या अंतरावर. मी वाट बघितली. तू काही बोलली नाहीस. एवढा वेळ माझ्यासमोर बसून तू काही बोलली नाहीस, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की तू गेलीस. फोनवर नव्हतं कळलं.

तुझी धाकटी बहीण नीलव्वा मैंदर्गीहून आली होती. ती तुझ्या गुडघ्याला हात लावून कन्नडमध्ये तुला रागावत होती. गोळी का घेतली नाहीस, एकटी का राहत होतीस, असलं काहीतरी. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला मी कोण ते माहीत होतं, तू सांगितलं असणार. ती मराठीत म्हणाली, "हिचं तरी नीट झालं बघ. मल्लूला बसवायला आलं न्हाय."

मल्लिनाथ. तुझा थोरला. अक्कलकोटच्या रस्त्यावर अपघातात गेला, हे मला माहीत होतं. दुकानात त्याचा फोटो होता, हाराचा. तू त्याच्याविषयी बोलायची नाहीस, म्हणून मीही कधी विचारलं नाही. नीलव्वाने सांगितलं की त्याला दवाखान्यातून आणला तो बांधलेला, ताठ झालेला. मांडी घालता येईना. वडीलधाऱ्यांनी बराच वेळ खटपट केली, मग म्हणाले, राहू द्या, असाच नेऊ. त्याला आडवा नेला, आडवाच ठेवला. "तवापासून ही म्हणायची, माझं लेकरू निजूनच ऱ्हायलं," नीलव्वा म्हणाली.

अक्का, तू मला हे सांगितलं का नाहीस?

चार दिवस मी तुझ्याशी हेच भांडतेय. स्वयंपाकघरात, जिन्यावर, रिक्षात. एक वाक्य पुरलं असतं. मी त्याच क्षणी इम्रानला बसवला असता, त्याच्या मागे उशी ठेवली असती, मान बांधली असती, काय वाटेल ते केलं असतं. आणि मी लेक गेलेल्या बाईला ओरडून सांगत होते की मुलगा मेलाय तुझा, बघ त्याच्याकडे! तू माझ्या थोबाडीत का मारली नाहीस? रागाने माझे कान गरम होतात. मग जरा वेळाने वाटतं, सांगितलं असतंस तर मी लगेच मान्य केलं असतं, बरोबर. पण ते वाद हरून नव्हे, तुझी कीव येऊन. आणि कीव तुला कधी चालली? जिन्यावर हात धरलेला चालायचा नाही. तुला तो प्रवेश नाटकाचा म्हणून जिंकायचा होता. एवढं मोठं हत्यार खिशात ठेवून तू माझ्याशी नुसत्या हातांनी भांडत राहिलीस. ह्याचं मला कौतुक वाटतं आणि ह्याच्यासाठी मी तुला माफही करत नाही. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी तुला फुलांनी मढवलेल्या, पालखीसारख्या विमानात बसवून भवानी पेठेतून नेलं. तू रस्त्याकडे तोंड करून बसलेली. दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे राहिले, हात जोडून. तुझ्याशी नेहमी भाव करणारा रंगाचा दुकानदारसुद्धा. पुढे हलगी, मागे टाळ आणि भजन. मी चालत होते आणि माझे हात ऐकेनात. आधी मांडीवर वाजायला लागले, मग एकमेकांवर. सुकी टाळी. भजनाचा ठेका आठाचा, माझा बाराचा. जुळत नव्हतं, मधूनच जुळत होतं, पुन्हा सुटत होतं. दोघीतिघींनी वळून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी हात पदराखाली घेतले. शेजारून नीलव्वा म्हणाली, "बडी, चप्पाळी बडी." वाजव गं, टाळ्या वाजव. ती रडत होती आणि मला कोपराने ढोसत होती. मग मी पार शेवटपर्यंत वाजवत गेले. तुला माझे तळवे दाखवायला हवे होते.

प्रयोग रद्द करू या, असं सगळे म्हणाले. मी नाही म्हटलं. मग आईचं काम कोण करणार? मीच करणार, दुसरं आहे कोण? मला मूल नाही, गुडघे दुखत नाहीत, आणि आतल्या खोलीत चार बायकांनी धरून बसवण्यासारखं अजून माझ्यावर काही आलेलं नाही. पाय मला तुझ्यापेक्षा चांगले येतात, हे तूही मान्य करायचीस. बाकी सगळं तुझ्याकडे होतं. दोन तालमी केल्या. दोन्ही वेळा दोघांना आडवं ठेवलं, मी आखलं होतं तसं भोवती फिरून फळी हाणली. व्यंकटेश म्हणाला, मस्त झालं मॅडम. मस्तच झालं होतं. हिशेबात कुठे चूक नाही, आणि बघणाऱ्याला घरी जाऊन चांगली झोप लागेल असं. मला माझाच इतका राग आला की मी बूट काढून कोपऱ्यात भिरकावले.

तरी मी तुझी बाजू घ्यायला तयार नव्हते. आता बसवला तर तो मल्लूसाठी बसवल्यासारखा होईल, तुझ्यावर उपकार केल्यासारखा, आणि तू वर बसून म्हणशील, कीव करायलीस व्हय गं माझी? म्हणून मी अडून राहिले. मेलेल्या बाईशीसुद्धा अडून राहिले.

काल संध्याकाळी तालमीच्या आधी इम्रान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "टीचर, आज लेटूं क्या बैठूं? एक बार बोल दो. रोज का झगडा नक्को."

झगडा करायला आता कोण होतं? पण त्यालाही ते अजून चालूच आहे असं वाटत होतं. मी म्हटलं, "बैठ."

तो बसला. पाठीला खोका नको म्हणाला, भिंतीपाशी सरकला. गिटार सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या. मी विंगेतून आले, दोघांच्या मधून चालत गेले, पहिली टाच मारली, आणि पुढची मारवेना. त्याच्याभोवती फिरताच येत नव्हतं. त्याच्यामागे भिंत होती, आणि माझ्यासमोर त्याचं तोंड होतं. त्या तोंडाला वळसा घालून जायचं कसं? मी त्याच्यासमोर खाली बसले. असं कुठेच आखलेलं नव्हतं. बाराचा फेरा माझ्यावाचून पुढे निघून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. मुली घाबरून टाळ्या वाजवत राहिल्या. मग बसल्या बसल्याच माझी टाच हलली. एकदा. थांबून पुन्हा. हळू, कोरडी, त्याच्या तोंडाकडे बघत, जणू त्याने उत्तर द्यावं म्हणून. उत्तर येत नव्हतं, म्हणून मी पुन्हा विचारत होते. फळी हाणून जे इतके दिवस साधलं नव्हतं ते तिथे होतं, त्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. तुझी कीव करण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. नाटकाला तेच हवं होतं, आणि ते तुला आधीपासून दिसत होतं.

मला इतका आनंद झाला, अक्का, की मी भान विसरले. मान वळवून मोठ्याने म्हणाले, "बघितलंस? आता बोल!"

गिटार थांबली. टाळ्या थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मी रडले, सगळ्यांदेखत, तोंड न झाकता. कुणीतरी पाणी आणायला पळालं. माझ्या समोर इम्रान तसाच बसून होता, डोळे उघडे, मान ताठ. तो जरासुद्धा हलला नाही.